टॅमॉक्सिफेन चालू असताना ‘ऑटोफॅजीसाठी’ उपास करावेत का?

तुमच्या आईला हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह स्तनाचा कर्करोग आहे, टॅमॉक्सिफेन चालू आहे. ‘उपासाने शरीर कर्करोग खाऊन टाकतं, यालाच नोबेल मिळालं’ असा फॉरवर्ड वाचून त्यांनी आठवड्याला दोन निर्जळी उपास धरलेत. मी डॉक्टर नाही, पण काही वर्षं प्रयोगशाळेत याच प्रकारच्या पेशी वाढवल्या आहेत, त्या जोरावर लिहितोय.

आधी नोबेलचं. २०१६ मध्ये योशिनोरी ओसुमी यांना ते मिळालं, ते ऑटोफॅजी कशी चालते हे यीस्टच्या पेशींत उलगडल्याबद्दल. एकादशीचा त्यात काही संबंध नाही.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपली जुनी भांडी मोडीत घालणं. बिघडलेली प्रथिनं, थकलेल्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या पिशवीत विरघळतात आणि सुटा माल पुन्हा कामी येतो. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत बेक्लिन-१ हे जनुक घालून ऑटोफॅजी वाढवली, तर उंदरांतल्या गाठींची वाढ मंदावली. फॉरवर्डवाल्यांची गोष्ट इथेच संपते. (बऱ्याच गाठींत हे जनुक गहाळ असतं याचाही गाजावाजा झाला होता. पण ते बीआरसीए-१ या स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकाच्या शेजारीच असतं, त्यामुळे सुक्याबरोबर ओलं जळालं असावं अशी शंका पुढे निघाली.)

उपचार चालू असलेल्या गाठीचं मात्र वेगळं. ती इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसलेली असते आणि टॅमॉक्सिफेन त्याच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीत ते जिथे चिकटतं त्या जागेवर, बसून तिची रसद तोडतं. काही पेशी मरतात, काही घरातलं किडूकमिडूक मोडीत घालून दिवस काढतात. प्रयोगशाळेत अशा पेशींची ऑटोफॅजी बंद पाडली की टॅमॉक्सिफेनने जास्त पेशी मरतात. प्रोस्टेटच्या कर्करोगात एन्झाल्युटामाइड या हार्मोन अडवणाऱ्या औषधाबरोबरही असंच दिसलं. म्हणून कर्करोगात ऑटोफॅजी अडवायला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध देऊन चाचण्या झाल्या, म्हणजे फॉरवर्डच्या नेमक्या उलट दिशेने. नेहमीच्या उपचारात ते आलेलं नाही.

बशीतल्या पेशींवरून आईच्या शरीराबद्दल छातीठोक बोलता येत नाही, त्यामुळे उपासाने गाठ वाढेल असं मी म्हणत नाही. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या एकादशीने तर काहीच बिघडणार नाही. पण औषध म्हणून निर्जळी उपास मला पटत नाहीत.

आणि एक, त्या दिवशी त्या गोळी कशी घेतात? पाण्यावाचून राहायचं म्हणून ती चुकवत असतील, तर उद्याच त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञांना फोन करा.