किल्टबरोबर घालायची स्कॉटिश बालमोरल टोपी डोक्यावर नीट कशी बसवावी? माझी तव्यासारखी सपाट पसरते.

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की मित्राचं लग्न एडिनबराला आहे, किल्ट भाड्याने घेतलाय आणि टोपी नवीकोरी विकत आणलीय. मी ग्लासगोत राहतो, इथल्या एका पाइप बँडमध्ये ड्रम वाजवतो. बँडच्या गणवेशात ग्लेनगॅरी (होडीच्या आकाराची स्कॉटिश टोपी) असते, पण लग्नाकार्याला मी बालमोरलच घालतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

नवी बालमोरल घेतली की बहुतेक लोक अख्खी टोपीच एका बाजूला कलती करतात. सगळं तिथेच बिघडतं. या टोपीचे दोन भाग वेगवेगळे वागतात. डोक्याभोवतीचा पट्टा अगदी सरळ, आडवा बसायला हवा, भुवयांच्या वर साधारण एक इंच. तो तिरका करायचा नाही. झुकतो तो फक्त वरचा गोल घेर, आणि तोही उजवीकडे.

आता आरशासमोर उभे राहा. पट्टा सरळ बसवा, मागच्या रिबिनी बरोबर मानेच्या मधोमध आल्या पाहिजेत. रिबिनीचं जे काळं फूल शिवलेलं असतं (त्याला कोकेड म्हणतात, बिल्ला त्यावर लागतो) ते डाव्या कानशिलावर येईल. डाव्या हाताने ते उभं धरून ठेवा आणि उजव्या हाताने घेर उजव्या कानाच्या वरच्या टोकाकडे ओढा. डावीकडे कापड बिल्ल्यामागे ताठ उभं राहायला हवं, उजवीकडे पडायला हवं. घेराच्या मध्यावरचा लाल गोंडा, म्हणजे टूरी, आपोआप थोडा उजवीकडे सरकेल. सरकू द्या.

नवी टोपी हे ऐकणार नाही, ती पुन्हा पसरेल. कारण लोकर अजून तुमच्या डोक्याला सरावलेली नाही. ओली झाली की लोकर नरम पडते आणि वाळताना ज्या घडीत असेल ती घडी धरते, म्हणून वळण लावायचं ते ओलेपणीच. वरच्या घेरावर कोमट पाण्याचा फवारा मारा, दमट होईल इतकाच. अख्खी टोपी बादलीत बुडवू नका. आतल्या कडेला चामड्याची पट्टी असेल तर ती आक्रसते आणि कोकेडमागचा कडक भाग मऊ पडतो. दमट टोपी वर सांगितल्याप्रमाणे घाला, उजवीकडची घडी तळव्याने दाबत दाबत बसवा आणि तशीच घालून घरात वावरा. बऱ्यापैकी सुकली की डोक्याच्या मापाच्या पालथ्या पातेल्यावर, घडी न मोडता, रात्रभर ठेवा. एकदा केल्याने भागलं नाही तर पुन्हा करा. हीटरवर मात्र वाळवू नका आणि कडकडीत पाणी वापरून चोळू तर मुळीच नका, टोपी आटेल. एअरशायरमधल्या स्टुअर्टन आणि किलमार्नॉक गावांचे टोपीवाले पूर्वी हेच मुद्दाम करायचे: टोपी हवी त्यापेक्षा बरीच मोठी विणायची आणि पाण्यात मळून मळून आटवायची. त्यातून येणारी घट्ट, दाट लोकर पावसाला दाद देत नसे. तुमच्या टोपीचं ते काम झालेलं आहे, आता आणखी नको.

रिबिनी शोभेच्या असतीलच असं नाही. बऱ्याच टोप्यांत त्या कडेच्या आतून फिरलेल्या असतात आणि मागून ओढल्या की माप घट्ट होतं. एडिनबराच्या वाऱ्याला हे उपयोगी पडेल. माप जमलं की साधी गाठ मारून टोकं मोकळी सोडा.

बिल्ल्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगायलाच हवं. बिल्ल्यावर बकल लावलेल्या पट्ट्याचं वर्तुळ असेल, तर त्यातलं चिन्ह लावणं म्हणजे त्या स्कॉटिश कुळाच्या (क्लॅनच्या) प्रमुखाचा मी माणूस आहे, असं सांगणं. बाजारात सुंदर दिसला म्हणून कुठल्याही कुळाचा लावू नये. काटेरी थिसलच्या फुलाचा लावा, तो कुणीही लावू शकतं. पिसं तर अजिबात खोचू नका. गरुडाची तीन पिसं कुळप्रमुखाची खूण मानतात, दोन त्याच्या खालच्या सरदाराची. या गोष्टी इथे मनापासून पाळल्या जातात आणि पाहुण्याने पाळल्या की यजमानांना फार बरं वाटतं.

आणखी एक, जे आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आपला फेटा मांडवात, पंगतीत, सगळीकडे डोक्यावर राहतो. बालमोरल बाहेरची टोपी आहे. चर्चमध्ये शिरताना पुरुष ती काढतात, जेवणाच्या टेबलावरही घालत नाहीत. काढल्यावर चुरगाळून खिशात कोंबू नका, घडी उजवीकडेच ठेवून हातात धरा. बाहेर फोटोंसाठी पुन्हा घालाल तेव्हा आधी पट्टा सरळ, मग घेर. वळण लागलेलं असेल तर आरसाही लागणार नाही.