जातीमुळे वायरमनचा परवाना अडवला, काय करू?

मालवणच्या दादा, तोंडी नकारावर घरी बसू नका. 'तुमच्यातले लोक कशाला या धंद्यात?' हे तुम्हाला ऐकवलेलं वाक्य कोण, कधी, कुणासमोर बोललं ते आजच तारखेसह वहीत लिहा. नकार लेखी, कारणासहित मागा. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का हवाच. परवाना देण्याची सेवा अधिसूचित (सरकारने त्या कायद्याखाली जाहीर केलेली) असेल तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ३० दिवसांत अपील करा.

अस्पृश्यतेच्या कारणावरून व्यवसाय करू न देणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ खाली गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार द्या. शेवटी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका; त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, सिंधुदुर्गासाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. वकील परवडत नसेल तर ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अनुसूचित जातीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न विचारत नाहीत.