एकूण साठा शिल्लक असताना बॅच उणे का जाते? बॅचनोंद बंद करावी का?

आपला प्रश्न असा की, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आंबारसाचा एकूण साठा पुरेसा दिसतो, तरी बिल करताना निवडलेली बॅच (एका वेळी तयार झालेला, एकच क्रमांक असलेला माल) उणे जाते, म्हणजे तिची शिल्लक शून्याखाली दिसते. मग जुळवणीची एक नोंद करून बॅचनोंद कायमची बंद करावी का? बंद करू नये, आणि जुळवणीची नोंद तर मुळीच करू नये.

रत्नागिरीजवळच्या एका कॅनिंग कारखान्याचे भांडार मी सांभाळतो. एका हंगामात आमच्याकडे हेच घडले. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या गृहस्थांनी आणि आमच्या तेव्हाच्या हिशेबनिसांनी एकमताने सांगितले की, दुसऱ्या बॅचमधला माल कागदोपत्री इकडे वळवावा, बेरीज जुळली की विषय संपला. मी ठाम नकार दिला, तेव्हा माझ्यामुळे बिले अडली असे मला सर्वांसमोर ऐकवण्यात आले. मी दोन्ही गोदामांतल्या थप्प्या उतरवून घेतल्या आणि डब्यांवरचे क्रमांक वाचून काढले. माल कुठेही कमी नव्हता. मे अखेरच्या वादळी पावसात वीज गेली की उत्पादनाच्या नोंदी कागदावरच राहत. त्या मागाहून संगणकावर चढवताना चढवल्या दिवसाचीच तारीख पडे, आणि माल तर त्याआधीच गाडीत भरून गेलेला असे. साहजिकच विक्रीच्या तारखेला त्या बॅचमध्ये काहीच शिल्लक दिसत नसे. शिवाय लांज्याच्या गोदामात पाठवलेला काही माल बॅच न निवडता नोंदल्यामुळे 'प्रायमरी बॅच' या टॅलीत आपोआप पडणाऱ्या नावाखाली साचला होता.

तारखा आणि बदलीच्या नोंदी दुरुस्त केल्यावर सर्व बॅचेस जुळल्या. त्याच पावसाळ्यात एका ग्राहकाकडून डबे फुगल्याची तक्रार आली. डब्यावरच्या क्रमांकावरून त्या बॅचचा माल कोणाकोणाला गेला ते लगेच काढता आले आणि तेवढाच परत मागवला. सीमिंग (डब्याच्या झाकणाची हवाबंद जोडणी) नीट बसले नाही किंवा उष्णता अपुरी पडली, तर दोष बहुधा त्या पाळीच्या मालापुरताच असतो; पण बॅचेसची सरमिसळ केलेली असती, तर हंगामभराचा माल संशयाखाली आला असता.

आपल्याकडे याखेरीज तीन गोष्टी तपासाव्यात. वस्तूचे खाते आधी उघडून बॅचची सोय नंतर चालू केली असेल, तर जुना साठा प्रायमरी बॅचमध्येच अडकलेला असतो. एकाच बॅचचे नाव कुठे शून्य आणि कुठे इंग्रजी 'ओ' घालून लिहिले गेले, तर त्या दोन वेगळ्या बॅचेस ठरतात. आणि 3.1 किलोच्या 6 डब्यांची पेटी 18.6 किलोंची होते. उत्पादन पेट्यांत व विक्री किलोत नोंदली जात असेल, तर एककांचे परस्परप्रमाण एकदा पडताळावे.

डबे खरोखरच गळले किंवा फुटले असतील, तर प्रत्यक्ष साठ्याची नोंद अवश्य करावी, मात्र बॅचनिहाय आणि कारण लिहून. कच्च्या आंब्याचा रोजचा व्यापार असेल, तर कदाचित बॅचेस लागणार नाहीत. डबाबंद खाद्यपदार्थाच्या लेबलावर मात्र बॅच क्रमांक कायद्यानेच बंधनकारक आहे. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ते नाव त्या प्रदेशातल्या मालालाच लावता येते. कर्नाटकातल्या आंब्याचा रस आणि आपल्याकडचा रस जे कारखाने कागदावर एकत्र करतात, त्यांनी डब्यावर कोकणचे नाव घालू नये, हे मी त्या हिशेबनिसांना तेव्हाही सांगितले होते आणि आजही तेच सांगेन.