एफडी मोडून रूलेटला ‘भांडवल’ द्यावं का?

नाशिकच्या एका वाचकांचा प्रश्न: फ्लॅटच्या डाउन पेमेंटला 3 लाख कमी पडतात. टेलिग्रामवरून कळलेल्या परदेशी साइटवर रूलेट (फिरत्या चाकावर गोटी कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचा जुगार) खेळतोय. 15,000 भरले, आता 21,400 दिसतात. लालवर 100 लावतो, हरलो की दुप्पट, जिंकलो की परत 100. 2 लाखांची एफडी मोडली तर रोज 3,000 सुटतील का?

एफडी मोडू नका. तुमचाच हिशेब पुढे नेऊन पाहा. चाकावर 37 घरं: 18 लाल, 18 काळी, एक हिरवं शून्य. म्हणजे लालवर हरायची शक्यता 37 पैकी 19. जिंकेपर्यंतचा एक डाव धरला, तर डावामागे सुटतात 100. रोज 3,000 हवे तर 30 डाव. सलग 10 वेळा लाल हुकलं की 1,02,300 गेलेले असतात. अकरावी पैज 1,02,400 ची आणि तुमच्याकडे उरलेले 97,700. असं सरासरी 784 डावांत एकदा घडतं, म्हणजे तुमच्या वेगाने साधारण 26 दिवसांत. तोवर जमलेले असतात 78,000 च्या आसपास. टेबलावर कमाल पैज 10,000 ची असेल तर आणखी वाईट: आठवी पैज 12,800 ची, ती लावताच येत नाही. सलग 7 वेळा हरणं तर सुमारे 106 डावांत एकदा येतं. तुमचे 6,400 म्हणजे जिंकलेले 64 डाव, एवढंच.

पैशाची वाट त्याहून धोक्याची आहे. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, बँकांनाही त्यांचे व्यवहार करायला मनाई केली. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, पण अशा साइट्स मग भाड्याच्या खात्यांतून पैसे फिरवतात. तुमचे 15,000 कोणाच्या नावावर गेले ते यूपीआयच्या हिस्टरीत बघा. बहुधा कुणी अनोळखी व्यक्ती किंवा ‘ट्रेडर्स’ दिसेल. परतावा अशाच खात्यातून येतो. त्या खात्यावर सायबर तक्रार असली तर तुमचं पगाराचं खातं गोठू शकतं आणि हप्ता बाउन्स होतो. साइटने पैसे दिले नाहीत तर कोर्टाचाही उपयोग नाही, कारण 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो.

म्हणून ते 21,400 गेले असं समजा, पगाराच्या खात्यात तर आणूच नका. ‘आधी 30 टक्के कर भरा, मग पैसे सोडतो’ असा मेसेज आला तर एक रुपयाही पाठवू नका. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर 30 टक्के आयकर आहे हे खरं, पण तो सरकारजमा होतो, साइटच्या यूपीआयवर नाही. कर म्हणून आधीच काही पाठवलं असेल तर आजच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार करा.

3 लाखांसाठी महिना 15,000 ची आरडी साडेसहा टक्क्यांनी लावली तर 19 महिने लागतात. बिल्डरशी बोलताना ताबा आणि हप्त्यांची तारीख त्या हिशेबाने मागा.