हाऊ बँड मना भाऊना शे

अमळनेरहून एका वाचकाचं पत्र आलंय, चार पानी. त्याचा गोषवारा असा. चौघा मित्रांनी २०११ मध्ये अहिराणी रॉक बँड सुरू केला. बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात सराव, गणपतीत आणि कॉलेजच्या गॅदरिंगला कार्यक्रम, मिळेल त्या मानधनाचे चार सारखे वाटे. शब्द वाचकाचे, चाली बहुतेक गिटार वाजवणाऱ्या मित्राच्या. तो मित्र दोन महिन्यांपूर्वी झोपेतच गेला. वय ३६, लग्न झालेलं नव्हतं. घरी आई, वडील, थोरला भाऊ. दहाव्याला नदीवरच भाऊ म्हणाला, "हाऊ बँड मना भाऊना शे," म्हणजे हा बँड माझ्या भावाचा आहे, आणि पुढच्या पंधरवड्यात त्यानं बँडच्या नावाचा ट्रेडमार्क अर्ज स्वतःच्या नावे भरला. तिकडे सुरुवातीचे सहा महिने ड्रम वाजवून पुण्याला निघून गेलेला एक जण सांगत सुटलाय की बँड त्यानं काढला, नावही त्यालाच सुचलं होतं. या वाचकाला विचारायचंय : नाव वापरता येईल का, आणि मित्राच्या चाली वाजवता येतील का?

दादा, 'बँड कोणी काढला' या वादात तुम्ही तीन पानं खर्च केलीत. कोर्ट त्यावर तीन मिनिटंही घालवणार नाही. हा वाद मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडमधला ब्रायन जोन्स १९६९ मध्ये वारला. इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्टेशनवर २०१५ मध्ये पाटी लागली, त्याच बँडचे जॅगर आणि रिचर्ड्स इथे भेटले आणि त्यांनी पुढे बँड काढला, अशा अर्थाची. त्यावर त्यांचाच जुना बेस वाजवणारा बिल वायमन भडकला : बँड ब्रायननं काढला होता! माणूस जाऊन ४६ वर्षं झाली होती. पाटीवर काय लिहायचं हा मानाचा प्रश्न, मालकीचा नव्हे.

मालकीच्या प्रश्नावर सॅक्सन या ब्रिटिश बँडचा २००३ चा निकाल वाचण्यासारखा आहे. सोडून गेलेल्या दोघांनी नावाचा ट्रेडमार्क घेतला होता. न्यायालय म्हणालं, नाव आणि नावलौकिक एकट्यादुकट्या वादकाचा नसतो, त्या वेळच्या भागीदारीचा असतो. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण आपला भागीदारी कायदा १९३२ याच वाटेनं जातो. कागद केला नसला तरी चौघं मिळून धंदा आणि नफ्याचे वाटे, म्हणजे भागीदारी. त्यामुळे नाव सुचलं कोणाला, याला किंमत नाही. पुण्याच्या ड्रमरला सोडून द्या. तो मित्राच्या व्यसनांबद्दलही काहीबाही बोलतोय असं तुम्ही लिहिलंय. त्याला उत्तर देऊ नका. घरच्यांना दुखवायच्या हेतूनं मेलेल्या माणसाची बदनामी केली तर तोही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा होऊ शकतो, आणि ती तक्रार घरच्यांनी करायची.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. वेगळं ठरलं नसेल, तर एक भागीदार वारला की भागीदारी विसर्जित होते, भागीदारी कायद्याचं कलम ४२. हिशेब पुरा होईपर्यंत उरलेल्यांनी त्या नावानं धंदा करू नये, असा मनाई हुकूम मृताचा प्रतिनिधी कलम ५३ खाली मागू शकतो. म्हणजे तुमची गाडी अडवता येते. पण कोणाला? भावाला नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यात अविवाहित मुलाची वर्ग एकमधली वारस एकटी आई. वडील वर्ग दोनमध्ये, भाऊ त्यांच्याही मागे. पस्तीस वर्षांच्या वकिलीत हे ऐकून दचकलेले वडील मी बरेच पाहिलेत. भाऊ बँक खात्याचा नॉमिनी आहे म्हणून सगळं त्याचं, असंही तुम्ही धरून चाललात. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच सांगून ठेवलंय की नॉमिनी पैसे हातात घेतो, मालक होत नाही. खात्यांनाही तोच न्याय लागतो.

भावाचा अर्ज मात्र हसण्यावारी नेऊ नका. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर अर्जाची स्थिती फुकट दिसते, दर आठवड्याला बघा. जर्नलमध्ये जाहिरात आली की चार महिन्यांत विरोध नोंदवायचा. ऑनलाइन फी एका वर्गाला, म्हणजे माल किंवा सेवेच्या एका गटाला, २,७०० रुपये. चौदा वर्षांचा आधीचा वापर आणि अर्जामागची बदनियत, हे दोन मुद्दे पुरेसे दमदार आहेत. मुदत हुकली तर नोंद रद्द करून घेण्याचा रस्ता आहे, पण तो लांबचा. 'आमची भागीदारी नोंदणीकृत नाही, मग दावा कसा चालेल' ही शंका तुम्हाला कुणीतरी घातलीय. हल्दीराम प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की नावाची नक्कल थांबवायच्या दाव्याला नोंदणी नसणं आड येत नाही.

गाण्यांचा हिशेब वेगळा. कायद्यात शब्द ही एक कृती आणि संगीत ही दुसरी. शब्द तुमचे, ते तुमचेच. चाल मित्राची, ती त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं आईची. स्टेजवर वाजवायलाही तिची परवानगी लागते, सोबत उभं राहून हजार वेळा वाजवलेली असली तरी. कानबाई देवीच्या पारंपरिक गाण्यांवर कुणाचाच हक्क नाही. बहिणाबाईंच्या ओव्याही मोकळ्या : त्यांचं निधन १९५१ चं, संग्रह १९५२ चा, मुदत २०१२ अखेर संपली. पण त्यावर मित्रानं बसवलेली चाल मोकळी नाही.

चौघांनी गोदामात मिळून बसवलेली पाच गाणी आहेत, त्यांत तुमचा संगीतातही वाटा असू शकतो. तिथे पुरावा लागेल. तुमच्या जुन्या फोनमध्ये 'चाल ३' नावाचं रेकॉर्डिंग आहे म्हणता; त्यात तो गुणगुणतोय, मध्येच तुम्ही "वर जा, वर जा" म्हणताय आणि मागे पत्र्यावर पाऊस. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडून तो पुरावा दाखल करता येतो. त्याचा एक मेसेजही तुम्ही उतरवलाय, "हाई चाल तुनीच शे, मी फक्त कॉर्ड लावात", म्हणजे ही चाल तुझीच आहे, मी फक्त कॉर्ड लावल्या. स्वतःच्या हक्काविरुद्ध जाणारं मृताचं म्हणणं कोर्ट वाचतं, त्याच अधिनियमाचं कलम २६. त्या एका ओळीचं वजन तुमच्या चार पानांहून जास्त आहे. बँडच्या ऑनलाइन चॅनेलचा पासवर्ड मात्र अंदाजानं उघडायला जाऊ नका. तो गुन्हा होतो, आणि उरलेलं खरं प्रकरणही त्यात मळतं.

तेव्हा बोलणं आईशी. नावलौकिकातला तिचा वाटा रक्कम ठरवून लेखी विकत घ्या, म्हणजे कलम ५३ ची अडचण जाते. चालींसाठी वेगळा करार करा आणि त्यात मुदत लिहा. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो. गीतामागे संगीतकार म्हणून त्याचं नाव कायम राहील, हेही त्यातच. कागद मराठीत करा, तिला वाचून दाखवा, आणि भावाला बाहेर ठेवू नका, साक्षीदार म्हणून सही घ्या.

आणखी एक. पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की गेल्या दोन कार्यक्रमांचा मित्राचा वाटा अजून तुमच्याकडेच आहे. तो आधी द्या. रोख नको, माउलीच्या खात्यावर, आणि शेऱ्यात कार्यक्रमाची तारीख टाका.