रंगीत लेझर प्रिंटरची छपाई बिघडली, तर सुटे भाग बदलण्याआधी काय तपासावे?

आपल्या कार्यालयातील रंगीत लेझर प्रिंटरवर कागदाच्या कोऱ्या भागात ठरावीक अंतराने गुलाबी ठिपके येतात, लाल रंग नारिंगी दिसतो आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाने चारही टोनर (रंगाची पूड) व चारही ड्रम (ज्यावर प्रतिमा तयार होते ते दंडगोल) बदलण्यास सांगितले आहे; हा खर्च करावा का, असा आपला प्रश्न आहे. कार्यालयीन प्रिंटरच्या देखभालीचे काम मी करतो आणि माझे मत असे की, हा खर्च आज करू नये, कारण आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे चारही रंगांकडे नव्हे, तर एकट्या मॅजेंटाकडे, म्हणजे गडद गुलाबी रंगाकडे, बोट दाखवतात.

रंगीत लेझर प्रिंटरमध्ये सायन (आकाशी), मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार रंगांची बहुधा चार स्वतंत्र युनिटे असतात आणि प्रत्येकाचा ड्रम, चार्ज रोलर (ड्रमला विद्युतभार देणारा) आणि डेव्हलपर (ड्रमवर टोनर चढवणारा) वेगळा असतो. बहुतेक कार्यालयीन यंत्रांत या चारही रंगांची प्रतिमा आधी ट्रान्सफर बेल्टवर जमा होते, तिथून कागदावर उतरते आणि शेवटी फ्यूजरच्या उष्णतेने व दाबाने कागदावर पक्की बसते. म्हणून दोष एकाच रंगात असेल तर तो त्या रंगाच्या युनिटमध्ये शोधावा. सर्व रंगांत सारखाच असेल तर बेल्ट, ट्रान्सफर रोलर, फ्यूजर किंवा कागद यांच्याकडे वळावे. लाल रंग मॅजेंटा आणि पिवळा मिळून बनतो, त्यामुळे मॅजेंटा कमी पडला की लाल नारिंगी होतो, आणि त्याच वेळी निळा रंग आकाशी दिसू लागतो. आपल्याकडे निळाही फिका येतो का, ते पाहावे.

तपासणीसाठी संगणकावरून काही छापू नये. प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूमध्ये छपाईचा दर्जा तपासण्याचे पान असते, ते काढावे. म्हणजे ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे संगणकातील सॉफ्टवेअर), मूळ फाइल आणि टोनर बचतीची सेटिंग हे सगळे संशय एकदम बाजूला होतात. घरी बनवलेल्या चाचणी पानात एक अडचण असते ती अशी की, पडद्यावर आपण जो शुद्ध रंग निवडतो तो छापताना ड्रायव्हर दोन-तीन टोनर मिसळून तयार करू शकतो आणि मग दोष नेमका कोणत्या रंगाचा ते कळत नाही. यंत्र झेरॉक्ससाठीही वापरत असाल आणि रेघ फक्त वरच्या फीडरमधून (मूळ कागद आपोआप आत ओढणाऱ्या भागातून) घेतलेल्या प्रतींवर येत असेल, तर छपाईच्या भागांना हातही लावू नये. फीडरखालची काचेची अरुंद पट्टी पुसली की बहुधा काम होते.

आता ठिपक्यांकडे येऊ. एक साधी मोजपट्टी घ्यावी आणि कागद ज्या दिशेने बाहेर येतो त्या दिशेने लागोपाठच्या दोन ठिपक्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. फिरणाऱ्या भागावर डाग, खड्डा किंवा ओरखडा असेल, तर तो भाग एक फेरी पूर्ण करतो तेव्हा तीच खूण पुन्हा उमटते, म्हणजे हे अंतर त्या भागाच्या परिघाएवढे असते. २४ मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परिघ सुमारे ७५ मिलिमीटर, ३० मिलिमीटरच्या ड्रमचा सुमारे ९४, तर १२ मिलिमीटरच्या चार्ज रोलरचा सुमारे ३८ मिलिमीटर भरतो. ए-४ कागदाची लांबी २९७ मिलिमीटर असल्याने ड्रमचा दोष एकाच पानावर तीन-चार वेळा दिसतो, मात्र बेल्टचा परिघ मोठा असल्यामुळे त्याचा डाग कित्येकदा पुढच्या पानावरच सापडतो. आपल्या मॉडेलची नेमकी अंतरे सर्व्हिस मॅन्युअलमधील तक्त्यात मिळतील. काही मॉडेलमध्ये ती माहिती मेनूमधूनच छापता येते.

अंतर ड्रमशी जुळले, तर एकटा मॅजेंटाचा ड्रम बदलावा. काही मॉडेलमध्ये चारही रंगांचे ड्रम एकसारखे असतात. तसे असेल तर खर्चाआधी मॅजेंटा आणि सायनचे ड्रम आपसात बदलून पाहावेत, आणि ठिपके गुलाबीऐवजी आकाशी येऊ लागले तर निदान पक्के झाले. अदलाबदल करताना ड्रमच्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावू नये आणि तो उजेडात उघडा ठेवू नये. ठिपके अनियमित असतील, अंतराचा काहीच मेळ बसत नसेल, तर टोनर गळतो आहे असे समजावे. रिफिल केलेल्या कार्ट्रिजमध्ये हे बरेचदा दिसते.

मॅजेंटा फिका येण्याची कारणे याहून वेगळी असू शकतात. आधी मेनूतून रंगांचे कॅलिब्रेशन (रंगांचे प्रमाण पुन्हा जुळवणे) करावे आणि टोनरची शिल्लक पाहावी. तरीही फरक पडला नाही आणि फिकेपणा उभ्या पांढऱ्या पट्टीच्या रूपात असेल, तर त्या रंगाच्या लेझरच्या काचेवर धूळ बसलेली असू शकते. अनेक यंत्रांत ती पुसण्यासाठी लहानशी दांडी दिलेली असते.

सर्वच रंग डागाळलेले किंवा फिके येऊ लागले, तर मात्र कागद बदलून पाहावा, विशेषतः पावसाळ्यात. उघड्या ट्रेमध्ये राहिलेला कागद पापडासारखा सादळतो, दमटपणामुळे त्याच्यावरचा विद्युतभार टिकत नाही आणि बेल्टवरचा टोनर त्याच्यावर नीट उतरत नाही. मुंबई-कोकणात जुलैमध्ये येणाऱ्या अशा तक्रारी नवे रीम फोडल्यावर कित्येकदा मिटतात. छापलेले अक्षर बोटाने पुसले जात असेल, तर जाड कागदासाठी साध्या कागदाची सेटिंग राहिली आहे का ते पाहावे. सेटिंग बरोबर असूनही पुसले जात असेल, तर संशय फ्यूजरवर घ्यावा.

दुरुस्तीच्या माणसाला पुन्हा बोलवाल तेव्हा चाचणीचे पान आणि मोजलेले अंतर त्याच्यापुढे ठेवावे, आणि उरलेले तीन ड्रम कोणत्या खुणेवरून खराब ठरवले हे त्याच पानावर दाखवायला सांगावे.