दुधातल्या एक्सोसोममुळे हाडं मजबूत होतात का?

उंदरांची होतात असं दिसतंय. माणसांच्या बाबतीत एवढ्यात 'हो' म्हणणं घाईचं ठरेल.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या चरबीच्या पातळ आवरणाच्या पिशव्या, साधारण 30 ते 150 नॅनोमीटरच्या. आत प्रथिनं आणि मायक्रोआरएनए (जनुकांचं काम कमी-जास्त करणारे छोटे रेणू) असतात. आवरणामुळे हा माल पोटातल्या आम्लातही बऱ्यापैकी टिकतो, म्हणून संशोधकांना त्यात एवढा रस.

हाड ही काही एकदा बांधून झालेली भिंत नव्हे. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड कुरतडतात, ऑस्टिओब्लास्ट नवं रचतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, कुरतडणं वरचढ होतं आणि हाडं ठिसूळ होतात. प्रयोगशाळेत हीच स्थिती आणण्यासाठी मादी उंदरांची अंडाशयं काढतात. अशा उंदरांना गाईच्या दुधातले एक्सोसोम तोंडावाटे दिल्यावर हाडांची झीज कमी झालेली आढळली. नव्या ऑस्टिओक्लास्ट तयार होण्याला लगाम बसतो, असा अर्थ लावला जातो. आतड्यातल्या जिवाणूंमध्ये झालेल्या बदलाचाही यात वाटा असावा, असं काही अभ्यास सुचवतात.

आता दुधाचा पेला. प्रयोगात वापरतात ते दुधातून वेगळे काढलेले एक्सोसोम. आपण दूध उकळतो, पिशवीतलं दूध बरेचदा होमोजिनाइझ केलेलं (दाबाखाली चरबीचे कण बारीक केलेलं) असतं, आणि या दोन्हींत त्यांची बरीच नासधूस होते. (पण म्हणून कच्चं दूध प्यायला लागू नका, त्यातले रोगजंतू महागात पडतील!) दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनांचं पोषण मात्र उकळूनही बऱ्यापैकी टिकतं. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) गोळ्या चालू असतील तर त्या थांबवून एक्सोसोमच्या पुड्या घेऊ नका.